एवीतेवी होडी वर काढलीच आहे, तर…

होडी दुरुस्त करण्याच्या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू कोणती, असं विचारलं तर जाणकार इंजिन, शीड किंवा सागाचं लाकूड अशी उत्तरं देतात. ही सगळी उत्तरं चुकीची आहेत. सगळ्यात महाग असतं ते एक वाक्य: ‘एवीतेवी होडी वर काढलीच आहे, तर…’ या वाक्याने सुरू झालेला खर्च कुठे थांबला याची नोंद जगातल्या कुठल्याही बंदरात सापडायची नाही, कारण तो बहुतेक अजून चालूच आहे. त्याला अपवाद म्हणून मी गोराईचा किनारा पुढे करतो. बोरिवलीच्या जेट्टीवरून लाँचने खाडी ओलांडली की लागणारी ही गोराई. महानगरपालिका मुंबईची, हवा कोकणाची, आणि रस्त्यानेच जायचा हट्ट असेल तर भाईंदर-उत्तनवरून असा वळसा की माणसाने परत लाँचचीच वाट धरावी. या गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यात दर वर्षी होड्या वर निघतात, दुरुस्त होतात आणि पुन्हा पाण्यात जातात. तिन्ही गोष्टी एकाच वर्षात. परदेशातल्या नामांकित बोटयार्डांना, हाताशी क्रेन, वर्कशॉप आणि तासाला डॉलरमध्ये पगार घेणारे तज्ज्ञ असूनही, हे वर्षानुवर्षं जमत नाही. याचं कारण कौशल्य नाही आणि पैसा तर नाहीच नाही. कारण असं की दुरुस्ती कधी संपत नसते, ती थांबवावी लागते. थांबवायला एक तारीख लागते, आणि ती तारीख पाळली जाते की नाही हे बघणारी माणसं लागतात. परदेशी यार्डात या दोन गोष्टी सोडून सगळं मिळतं.

आधी या यार्डांविषयी. शिडाच्या बोटीतून जग हिंडणारी एक जमात आहे. निवृत्त इंजिनियर, घर विकलेली जोडपी, नोकरीला रामराम ठोकलेले संगणकवाले असे नाना लोक तिच्यात असतात. वादळांचा हंगाम आला की हे लोक बोटी पाण्याबाहेर काढतात. कॅरिबियनमधले त्रिनिदादच्या शागारामसला जातात, पॅसिफिकमधले न्यूझीलंडच्या वांगारेला, आपल्या बाजूचे फुकेत नाहीतर लंकावीला. येताना प्रत्येकाचा बेत एकच असतो: दोन आठवडे, तळ खरवडायचा, रंग मारायचा, निघायचं. मग तळ खरवडताना फायबरच्या कातडीखाली फोड दिसतात. फोड फोडले की आत ओल सापडते, आणि ओल सापडली की तळ कोरडा होईपर्यंत थांबावं लागतं, आणि हे थांबणं दिवसांत मोजायचं नसतं, महिन्यांत मोजायचं असतं. पाण्यात राहण्यासाठीच बनवलेली वस्तू वाळण्याची वाट बघत तिचा मालक शेजारी खुर्ची टाकून बसतो. एवीतेवी थांबायचंच आहे, तर डोलकाठी उतरवून तिच्या तारा बघून घेऊ. तारांना दहा वर्षं झाली असली तर विमा कंपनी त्या बदलायला सांगते. एवीतेवी डोलकाठी उतरवलीच आहे, तर तिच्यातून जाणाऱ्या वायरी बदलू. वायरी ओढताना छताचं अस्तर निघतं आणि अस्तराखाली कुजलेलं प्लायवुड आपलं तोंड दाखवतं. इथपर्यंत येता येता त्रिनिदादचा पावसाळा संपून पुढचा लागलेला असतो, नवा पंप कस्टममध्ये अडकलेला असतो, आणि तो सोडवायला गेलेला एजंट उद्या येणार असतो.

या काळात मालक राहतो कुठे? बोटीतच. लोखंडी टेकूंवर दीड-दोन मजले उंच उभ्या असलेल्या बोटीत, शिडी लावून. रात्री नैसर्गिक गरज लागली की शिडीने खाली उतरायचं, यार्ड ओलांडून सार्वजनिक संडासापर्यंत जायचं आणि पुन्हा वर चढायचं. समुद्रावर स्वातंत्र्य शोधायला निघालेल्या माणसाला इतकी शिस्त कुठल्याही चाळीने लावली नसती. भांडी घासायचं पाणी खाली कोणाच्या डोक्यावर पडणार नाही याची काळजी घेत, तुळस नाही पण तिच्याऐवजी कुंडीत पुदिना लावून, हे लोक संसार थाटतात. शेजारच्या टेकूंवर उभ्या असलेल्या बोटीतल्या शेजाऱ्याशी स्क्रू आणि साखर यांची देवाणघेवाण सुरू होते. बोटींची नावं मात्र ‘स्वच्छंद’, ‘क्षितिज’, ‘वाऱ्यावर’ या अर्थाची. यार्डात फिरताना ही नावं वाचत गेलं तर एखाद्या मंगल कार्यालयाबाहेरच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. आतल्या परिस्थितीशी त्यांचा काहीएक संबंध नसतो.

आता गोराई. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. मासळीच्या विणीचा हा काळ, शिवाय समुद्र पिसाळलेला. मे संपता संपता होड्या वर यायला लागतात. जाळी उतरतात, इंजिनं उघडतात, होड्या ताडपत्रीने शाकारल्या जातात. मग तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडणं, सडलेली फळी काढून नवी बसवणं, फळ्यांच्या फटींत कापूस ठासणं, पंखा तपासणं, जाळ्यांची भोकं शिवणं, परवान्याचे कागद नवे करणं, रंग, आणि शेवटी नाळेवर नाव व नोंदणी क्रमांक पुन्हा ठळक करणं. यादी शागारामसपेक्षा फार वेगळी नाही. ‘एवीतेवी’ इथेही उच्चारलं जातं, नाही असं नाही. कोळीवाडा झाला तरी माणसंच राहतात. पण इथे ते वाक्य पुरं होत नाही. ‘एवीतेवी फळी काढलीच आहे, तर…’ एवढं कोणी म्हणेपर्यंत दुसरा विचारतो, ‘पुनवेला किती दिवस राहिले?’ आणि चर्चा संपते. श्रावणातल्या पौर्णिमेला दर्याला नारळ जायचा असतो. सरकारची तारीख ३१ जुलै, पण किनाऱ्याची तारीख नारळी पौर्णिमा. २०२२ साली ती ११ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ३० ऑगस्टला. मग ही तारीख तरी कुठे पक्की, असं कोणी म्हणेल. हलते, कबूल. पण ती मिस्त्री हलवत नाही, मालक हलवत नाही, कस्टमचा एजंट हलवत नाही. ती पंचांगवाला हलवतो, आणि तेही वर्षभर आधी छापून. जिच्या हलण्यात कुणाचा हात नसतो ती तारीख कितीही हलली तरी पक्कीच.

शिवाय या तारखेला धर्माइतकाच भौतिकशास्त्राचा आधार आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण येतं, मधल्या दिवसांत भांगाची भरती असते. उधाणाच्या भरतीला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. जड होडी किनाऱ्यावर उंच न्यायची असेल तर हे पाणीच तिला वर आणून ठेवतं. बाकीचं काम दोर, ओंडके आणि वीस-पंचवीस खांदे करतात, किंवा आता ट्रॅक्टर आणि क्रेन. पण जी होडी उधाणाने वर आली ती खाली जायलाही उधाणच लागतं. भांगाच्या भरतीला पाणी होडीपर्यंत येत नाही, येतं ते फक्त लांबून बघून जायला. म्हणजे एक पौर्णिमा चुकली तर पुढच्या अमावास्येपर्यंत पंधरा दिवस होडी आणि तिचा नाखवा दोघंही वाळत बसणार, आणि शेजाऱ्याच्या घरापुढच्या वलांडीवर बोंबील वाळत असताना हे बघणं फार कठीण जातं. ही युक्ती जुनीच आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची कातळात कोरलेली गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला कोरड्यात दुरुस्ती करायची, आणि चंद्र सांगेल तेव्हा बाहेर पडायचं. चंद्राला मुदतवाढीचा अर्ज करायची सोय आंग्रे-धुळप या आरमारप्रमुखांच्या काळातही नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कोळ्याची होडी साधी, जगभर फिरणारी बोट गुंतागुंतीची. बैलगाडीचं चाक आणि विमानाचं चाक एकाच वेळेत कसं बदलणार? पण हा आक्षेप घेणाऱ्याने यांत्रिक होडीच्या आत बहुधा पाऊल ठेवलेलं नसतं. डिझेल इंजिन, जीपीएस, वायरलेस, मासळीचा थवा दाखवणारं यंत्र, बर्फाचा साठा, जाळं ओढायची यंत्रणा, आणि बऱ्याच ठिकाणी लाकडाच्या जोडीला आता फायबरसुद्धा. शिवाय ही होडी वर्षाचे दहा महिने राबते. हौशी बोट वर्षाचे बरेच दिवस नांगरावर असते आणि तिच्यावर जास्तीत जास्त भार पडतो तो संध्याकाळी जमलेल्या पाहुण्यांचा. गुंतागुंतच मोजायची तर गोराईची बाजू हलकी नाही.

आणि वेळ गुंतागुंतीवर अवलंबून असता, तर एका जहाजाचा इतिहास समजावून सांगणं अशक्य झालं असतं. ते जहाज मुंबईचंच आहे. ‘ट्रिंकोमाली’ नावाची ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधली, मलबारी सागात. एप्रिल १८१६ मध्ये तिचा कणा घातला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात गेली. त्याआधीची गंमत अशी की तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या ज्या युद्धनौकेवरून निघाले होते तीच १८१२ च्या अखेरच्या लढाईत अमेरिकनांनी पकडून जाळून टाकली, त्यामुळे नकाशे पुन्हा पाठवावे लागले. ते आल्यावर शेकडो माणसांना घेऊन जाणारी युद्धनौका वाडियांनी दीड वर्षात उभी केली. हीच बोट पुढे प्रशिक्षणनौका झाली, म्हातारी झाली, आणि १९८७ साली दुरुस्तीसाठी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला नेली. दुरुस्ती पुरी व्हायला २००१ साल उजाडलं. बांधायला दीड वर्ष, डागडुजीला दशकाहून जास्त. हार्टलपूलचे कारागीर कमी प्रतीचे होते असं मी म्हणत नाही. त्यांचं काम उत्तम आहे, म्हणून तर ती आज तरंगते आहे. निधी जमवावा लागला, जुन्या लाकडाला जुन्याच पद्धतीने हात लावायचा होता, हे सगळं खरं. पण वाडियांच्या मागे एक नौदल उभं होतं आणि त्याला जहाज हवं होतं. हार्टलपूलच्या मागे नौदल नव्हतं, तिकीट काढून येणारे प्रेक्षक होते, आणि प्रेक्षक पुढच्या वर्षीही येतात. त्याहून मोठं उदाहरण म्हणजे ब्रिटिश नौसेनानी नेल्सनची युद्धनौका ‘व्हिक्टरी’. ती १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे, आणि २०२२ साली तिच्यावर ‘मोठी दुरुस्ती’ अशा नावाचं दहा-एक वर्षांचं काम सुरू झालं. शंभर वर्षं वर काढून ठेवल्यावर कुणाच्या तरी तोंडून ‘एवीतेवी’ निघणारच होतं.

याच्या अगदी उलट कथा ‘सुहैली’ची, आणि तीही मुंबईचीच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी. त्याने १९६३ साली मुंबईत सागाची एक बत्तीस फुटी बोट बांधायला घेतली. तिचे नकाशे मागवले होते वेगळ्या बोटीचे, आले भलत्याच, जुन्या धाटणीच्या बोटीचे. बहुधा मुंबईत बोट बांधायची तर नकाशाचा घोळ शकुनाचा मानला जात असावा. वाकस, सामता अशा हाताच्या हत्यारांनी सुतारांनी ती घडवली. तिला तारीख नव्हती, त्यामुळे ती मुंबईबाहेर पडेपर्यंत १९६५ साल संपत आलं, आणि दक्षिण आफ्रिकेत थांबून, काम करून पैसे जमवून ती लंडनला पोहोचली १९६७ मध्ये. मग मार्च १९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ या वर्तमानपत्राने जाहीर केलं: कुठेही न थांबता, एकट्याने, शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा, निघायचं १ जून ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यान. ही तारीख मिळाल्यावर तीच बोट तीन महिन्यांत जगप्रदक्षिणेला तयार झाली आणि १४ जूनला फालमथहून निघाली. बोट बांधणं आणि ती पुढच्या प्रवासाला सजवणं ही कामं सारखी नाहीत, हे मला मान्य आहे. तरी एकाच बोटीच्या आयुष्यातले हे दोन वेग बघावेत. आणि तयार झाली म्हणजे काय झाली? निघाल्यावर काही आठवड्यांत अटलांटिकमध्ये तिच्या तळाच्या फटीतून पाणी येऊ लागलं. मालकाने श्वास रोखून पाण्याखाली बुड्या मारत फटीत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. जे काम यार्डात राहिलं ते दर्यात झालं. २२ एप्रिल १९६९ रोजी ३१२ दिवसांनी ती परतली. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारी ती एकटीच.

तिची खरी दुर्दशा पुढे झाली, आणि तीही अत्यंत सुरक्षित जागी. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात तिला मानाने ठेवलं. तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आक्रसायला लागल्या. वाऱ्या-लाटांनी जे केलं नाही ते वातानुकूलनाने करायला घेतलं. शेवटी नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून सोडवलं, पुन्हा दुरुस्त केलं आणि पाण्यात नेलं. होडी वर काढून ठेवणं ही तिची विश्रांती आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा मुक्काम जरूर लक्षात घ्यावा. लाकडाच्या होडीला पाण्याची जेवढी भीती, त्याहून जास्त कोरड्याची. गोराईची होडी ऊन टळलेल्या, ओल्या दोन महिन्यांत वर असते यात केवळ मासळीचाच नव्हे, फळ्यांचाही विचार आहे.

आता दुसरा आक्षेप. तो विनोदाच्या बाहेरचा आहे आणि म्हणूनच त्याला बगल देता येत नाही. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा माणूस होता. त्याची तीन कण्यांची बोट सप्टेंबरअखेर पाण्यात गेली, आणि ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो अर्धवट बोट घेऊन निघाला. सामान धक्क्यावर राहिलं. पृथ्वीभोवती जायची तिची ताकद नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि खोटी ठिकाणं कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये बोट सापडली, रिकामी. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला दिले. मग तारीख पाळण्याचे गोडवे कसले गाता, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. मात्र क्रोहर्स्टच्या धक्क्यावर बघणारे कोण होते ते पाहा: पैसे घातलेला सावकार, प्रसिद्धी करणारा, बातमी हवी असलेली वर्तमानपत्रं. तो निघाला तर यांच्यापैकी प्रत्येकाचा फायदा होता आणि यांच्यापैकी कोणीही बोटीत बसणार नव्हता. नुसती तारीख आणि नुसती गर्दी पुरत नाही. बघणाऱ्यांपैकी निदान काहींना त्या होडीतून जावं लागलं पाहिजे, किंवा त्यांचा मुलगा, नवरा, भाऊ तिच्यात असला पाहिजे.

गोराईला नेमकं हेच असतं. तांडेल आणि खलाशी त्याच होडीत झोपणार, त्यामुळे फटीतल्या कापसावर त्यांची बोटं आपोआप फिरतात. नाखव्याने रंगाचा हात मारून सडकी फळी झाकली तर ती झाकली जात नाही. आख्ख्या किनाऱ्याला ती फळी कुठली ते पाठ असतं. बायकांची नजर तर आणखी वेगळ्या शाळेची. मासळी विकायची त्यांनी, डिझेलचा हिशोब ठेवायचा त्यांनी, हप्ता थकला तर सोसायटीला तोंड द्यायचं त्यांनी, आणि पाऊस वाढला की दाराशी उभं राहून दर्याकडे बघायचं तेही त्यांनीच. म्हणून किनाऱ्यावरून जाता-येता ‘काय रं, अजून नाय झाली?’ आणि ‘ती फली बदलली का नुस्ता रंग फासला?’ असे दोन प्रश्न एकाच दमात येतात. पहिला प्रश्न घाई करायला लावतो, दुसरा घाई करू देत नाही. या दोन प्रश्नांच्या मधे जेवढी जागा उरते, तेवढ्यात दुरुस्ती बसवावी लागते. जगातल्या कुठल्याही व्यवस्थापनशास्त्राला याहून चांगला समतोल साधलेला नाही, आणि त्यासाठी एकही तक्ता भिंतीवर लावावा लागलेला नाही. परदेशी यार्डात सल्ला तासाच्या दराने मिळतो, म्हणून तो कोणी घेत नाही. गोराईला तो फुकट मिळतो आणि टाळता येत नाही.

परदेशात दुरुस्ती वेळेत होतच नाही असं मात्र मी म्हणत नाही; तारीख आणि बघणारे बरोबर नेले तर होते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात भारतीय नौदलासाठी शिडाच्या बोटी झाल्या. आधी ‘म्हादेई’, जिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, आणि मग ‘तारिणी’. सप्टेंबर २०१७ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ घेऊन गोव्यातून निघाल्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन हे चार मुक्काम ठरलेले. प्रत्येक मुक्काम साधारण पंधरवड्याचा, आणि त्यातच डागडुजी. लिटलटन हे त्याच न्यूझीलंडमधलं, जिथल्या यार्डांत इतरांचे हंगामच्या हंगाम जातात. यांना पंधरवडा पुरला, कारण दक्षिण गोलार्धातला उन्हाळा संपायच्या आत केप हॉर्न ओलांडायचं होतं. ते जानेवारी २०१८ मध्ये ओलांडलं. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला न ठरलेला मुक्काम घडला, तोही कामापुरता. २१ मेला बोट गोव्यात होती. सहाही जणी त्याच बोटीत झोपत होत्या, त्याच सुकाणूवर विसंबून होत्या, हा मुद्दा मघाशीच आला आहे. बिनमहत्त्वाची ‘एवीतेवी’ तिथे सुचणंही शक्य नव्हतं. मॉरिशसला थांबलोच आहोत, तर आतल्या गाद्यांची खोळ बदलू, असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप मुंबईकर घेतात, आणि तो ते हसत हसत घेतात. तारखेने कामं होत असती तर मुंबईत काही अपुरं राहिलंच नसतं. इथे दर खड्ड्याशेजारी एक मुदत फलकावर लिहिलेली असते. बरोबर. बोरिवली आणि गोराईच्या मधल्या खाडीवरच्या पुलाची गोष्ट तर गोराईकरांना सांगायलाच नको. ते अजून लाँचने ये-जा करत ती ऐकतात. पण या फलकांवरची तारीख आणि नारळी पौर्णिमा यांत एक फरक आहे. फलकावरची तारीख ज्याने लिहिली त्याच्याकडे खडू आणि फडकं दोन्ही असतात. शिवाय ती बघणाऱ्यांना कंत्राटदार ओळखत नाही आणि ते कंत्राटदाराला ओळखत नाहीत. संध्याकाळी बाजारात गाठ पडून ‘काय रं, अजून नाय झाला?’ असं विचारायची सोय नाही. तेव्हा हा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही, उलट त्याच्या मदतीला येतो. महापालिकेकडून एवढी मदत पुष्कळ झाली.

शेवटचा आक्षेप हौशी बोटवाल्यांचा स्वतःचा, आणि तो सगळ्यात प्रामाणिक आहे. ते म्हणतात, आम्हाला काम संपवायचंच नाही. दुरुस्ती हेच आमचं सुख. सकाळी पॉलिशकागद, दुपारी शेजाऱ्याचा पाना परत करणं, संध्याकाळी थंड बिअर आणि ‘यंदा नक्की निघायचं’ या विषयावर परिसंवाद. निघालो तर हे सगळं बुडेल, बोट वाचली तरी. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. असं सुख कुणाला मिळत असेल तर गोराईची उधाणं त्याच्यावर लादण्याचा मला अधिकार नाही. फक्त त्यांनी यार्डाला ‘दुरुस्तीचं ठिकाण’ म्हणू नये, क्लब म्हणावं, आणि कस्टमच्या एजंटाला मानद सभासद करून घ्यावं.

ज्यांना मात्र खरोखर निघायचं आहे, त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे आणि त्यात ना क्रेन लागते ना नवं रसायन. गोराई-उत्तनच्या पट्ट्यातून तीन माणसं सहा महिन्यांच्या करारावर न्यावीत: एक निवृत्त तांडेल, जो फळी बोटाने वाजवून तिचं वय सांगेल, एक मासळी विकून हात बसलेली आजी, जिच्यापुढे कोणताही एजंट उद्याचा वायदा करू शकणार नाही, आणि पंचांग वाचता येणारा कोणीही. यांना यार्डाच्या फाटकाजवळ तीन खुर्च्या द्याव्यात. काम फक्त दिवसातून दोनदा सगळ्या बोटींवरून नजर फिरवून तो नेहमीचा प्रश्न विचारणं. भाषेची अडचण येत नाही, कारण प्रश्न स्वरावरूनच कळतो. एका उधाणाच्या आत अर्धं यार्ड रिकामं होईल, आणि भाडं बुडालं म्हणून यार्डाचा मालक तक्रार करील, तेव्हा त्याला एवीतेवी यार्ड रिकामं झालंच आहे तर जमीन सपाट करून घे, असं सुचवता येईल. अडचण एकच उरते, ती व्हिसाच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं ही. ‘पर्यटक’ लिहिलं तर काम करता येणार नाही, ‘कामगार’ लिहिलं तर आजी रागावेल, आणि ‘सल्लागार’ लिहिलं तर तासाचा दर विचारतील.